बाबांनी मिशी काढली त्या वर्षी

माझे कान ज्या औषधानं गेले त्याच औषधानं माझा जीव वाचला, त्यामुळे मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही. आणि रागावणं तर माझ्या स्वभावातच आहे. आई म्हणायची, "हिच्या नाकावर राग नसला तर ओळखूसुद्धा यायची नाही ही." तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकते, ही हकिगत रडकी नाही. रडणं झालं ते त्याच वेळी झालं आणि बरंचसं आईनं करून टाकलं.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. आम्ही पार्ल्यात, स्टेशनच्या पूर्वेला, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. वर दोन बिऱ्हाडं, खाली दोन, मागे विहीर आणि विहिरीवर चारही घरांतल्या बायकांची रोजची सभा. आमच्या घरात आई, बाबा आणि मी. बाबा नुकतेच कचेरीतून निवृत्त झाले होते. मी जवळच्याच मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवत होते.

शिकवायला मला आवडायचं, एवढंच म्हणून भागणार नाही. स्वयंपाकात मी ढ, शिवणात ढ, चार बायकांत बसून गोड बोलण्यात तर ठार ढ. पण वर्गात पाय ठेवला की मी शहाणी व्हायचे. एखाद्या मुलीला हातच्याची वजाबाकी न कळणं आणि मग एकदम कळणं, या दोन्हींच्या मधला जो क्षण असतो ना, तो पाहण्यासाठी मी पावसापाण्यातून, तापातूनही शाळेत जायचे.

तापातून जायचे, हेच चुकलं म्हणा. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, खोकला हटत नव्हता, पदर खांद्यावर ठरेना इतकी मी वाळले. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला आणि फोटोत जे दिसलं त्याचं नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही. आई त्याला 'अशक्तपणा' म्हणायची. शेजारीपाजारी हाच शब्द गेला. माझं लग्न व्हायचं होतं, आणि टीबी झालेल्या मुलीच्या घराची पायरी कोण चढणार? बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, याच दुखण्यानं गेली होती. तिच्या वेळी या दुखण्यावरची सुई निघाली नव्हती. माझ्या वेळी निघाली होती, एवढाच आमच्या दोघींत फरक.

शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकदा घरी आल्या आणि दारातूनच बोलून गेल्या. "जूनपर्यंत तुमची जागा भरत नाही. बदली बाई नेमते. बऱ्या होऊन या." त्या एका वाक्यावर मी पुढचं जवळजवळ वर्ष काढलं. दुपारी छताकडे बघत पडल्या पडल्या मी मनात तिसरीचा वर्ग भरवायचे, हजेरी घ्यायचे, आणि मनातल्या मुलींवर ओरडायचेसुद्धा.

रोज सकाळी कंपाउंडर सायकलवरून यायचा. तो मालवणकडचा, वयस्क माणूस. स्टोव्हवर सुई उकळायची, रबरी बुचाच्या बाटलीत पाणी घालून पांढरी पूड विरघळवायची आणि म्हणायचं, "घाबरा नको गो बाय, सुई बारीक आसा." सुई बारीक नव्हती. टोचून टोचून दोन्ही बाजूंना बसायला जागा उरली नव्हती. वर कडू पुड्या होत्याच. डॉक्टरांनी अंडी सांगितली तेव्हा आईनं हात टेकले. मग बाबाच गॅलरीत स्टोव्ह नेऊन अंडं उकडायचे, आधी देवांच्या कोनाड्यावर पडदा ओढून. ताप उतरला, वजन वाढू लागलं. मी बरी होत होते.

आणि त्याच सुमारास माझ्या कानांत वाजायला लागलं.

आता बाबांविषयी सांगायला हवं. त्यांना योगाभ्यासाचं वेड होतं. पहाटे घोंगडीवर पद्मासन घालून, दोन्ही कान अंगठ्यांनी बंद करून ते बसायचे. माणूस साधनेत पुढे गेला की त्याला आत अनाहत नाद ऐकू येतो म्हणे, कुणी न वाजवता वाजणारा. आधी भुंग्यासारखा, मग घंटेसारखा, मग शंखासारखा. बाबा वर्षानुवर्षं त्याची वाट पाहत होते. त्यांना ऐकू यायची ती फक्त खाली विहिरीवरची कपडे आपटल्याची धपधप.

मी एके सकाळी सहज म्हणाले, "बाबा, माझ्या कानांत सारखं काहीतरी वाजतं. बंदच होत नाही."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कसं वाजतं?"

"रातकिड्यांसारखं. कधी कधी लांबच्या घंटेसारखं."

"घंटा?" बाबा उठून माझ्या खाटेशी आले. "उजव्या कानात की डाव्या?"

"कानांत कुठलं, डोक्यातच वाजतं. मध्यावर."

बाबांचे डोळे भरून आले. ते चक्क माझ्या पायांशी बसले. "अगं वेडे, याच्यासाठी लोक जन्म घालवतात. तू पडून होतीस, बाहेरचं सगळं सुटलं होतं तुझं. न मागता मिळालं तुला."

आई चुलीपुढून म्हणाली, "अहो, पण डॉक्टरांना सांगायला नको का?"

"डॉक्टरांना यातलं काय कळणार आहे? आणि असल्या गोष्टीची वाच्यता करायची नसते."

वाच्यता करायची नसते म्हणून त्यांनी ती फक्त गुरुवारच्या पोथीमंडळात केली. मंडळातले पेन्शनर माझ्या दर्शनाला आले. 'अशक्तपणा' म्हणजे काय हे त्या सगळ्यांना ठाऊक असावं, कारण उंबऱ्याच्या बाहेरच उभं राहून, धोतराचा सोगा नाकाला लावून त्यांनी मला नमस्कार केला. मला हसू आवरेना. पण खरं सांगते, मला बरंही वाटलं. इतके महिने डॉक्टर नि कंपाउंडर मला माझ्या थुंकीविषयीच विचारत होते. मला काही मिळालंय, असं म्हणणारे बाबा पहिलेच.

असे काही आठवडे गेले. मग हळूहळू घरातले आवाज नाहीसे व्हायला लागले. दूधवाल्याच्या सायकलची घंटी गेली. आईच्या बांगड्या गेल्या. गंमत अशी की सांताक्रूझहून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं की मला ऐकू यायचं. आई मात्र ऐकू येईना. मला वाटलं तीच पुटपुटते. "तोंडातल्या तोंडात काय बोलतेस? जरा मोठ्यानं बोल की!" असं मी तिच्यावर खेकसायचे. ती घसा ताणून बोलायची तेव्हा तिच्या शब्दांची नुसती आ-ई-ओ ऐकू यायची, व्यंजनं कुठे गळून जात कोण जाणे. मग चक्कर यायला लागली. तिन्हीसांजेला उठून चालायला गेले की भिंत धरावी लागे.

चक्कर ऐकून डॉक्टर स्वतः आले. त्यांनी खिशातलं घड्याळ माझ्या कानाशी धरलं. काचेखाली काटा फिरत होता आणि मला काही ऐकू येत नव्हतं. डॉक्टर बाबांकडे वळून काहीतरी विचारू लागले. बाबा उत्साहानं सांगू लागले, हात वर करून, भुंगा, घंटा, सगळं. आणि डॉक्टरांचा चेहरा बघता बघता बाबांचा हात तसाच हवेत राहिला.

काय बोलणं झालं ते आईनं मला नंतर पाटीवर लिहून सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, "नाद कसला घेऊन बसलात! औषध कानाच्या नसा खातंय. काही त्रास झाला तर लगेच कळवा, असा निरोप कंपाउंडरनं दिला नव्हता?"

"दिला होता," बाबा म्हणाले होते. "पण हा त्रास आहे असं आम्हांला वाटलंच नाही."

सुई त्या दिवसापासून बंद झाली. नव्या गोळ्या निघाल्या होत्या, त्यांवर पुढचं भागवायचं ठरलं. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय तेवढं टिकेल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आणखीही एक सांगितलं. लवकर कळलं असतं तर कान नक्की वाचले असते, असं काही ते छातीठोकपणे म्हणू शकत नव्हते; पण सुई नसती तर ही मुलगी आज नसती, हे मात्र नक्की. हे वाक्य मी आईला पुन्हा लिहायला लावलं आणि ती पाटी बाबांसमोर धरली. त्यांनी वाचली आणि मान फिरवली.

त्या दिवसापासून बाबा बोलेनासे झाले. पोथी कपड्यात गुंडाळून ट्रंकेत गेली. घोंगडी गेली. गुरुवारच्या मंडळाला त्यांनी जाणं सोडलं. सकाळी उठून ते गॅलरीत बसायचे, ते जेवायलाच आत यायचे. मी कानांनी बहिरी आणि बाबा आपण होऊन मुके, मध्ये आई. घराची अशी दशा.

फाल्गुनात फोटो स्वच्छ आला. डॉक्टर मला शाळेत जायची परवानगी देणारा कागद लिहून देणार होते. पण त्या कागदात फुप्फुसं होती, कान नव्हते. मला रात्रंदिवस एकच प्रश्न पडला होता: चाळीस मुलींचा वर्ग न ऐकता चालवायचा कसा? आणि नाही चालवता आला तर मी जगून नेमकं करायचं काय?

आईकडे उत्तर तयार होतं. तिनं पाटीवर लिहिलं, 'कुणाला कशाला सांगायचं? तू आपली फळ्यावर लिहीत जा.' आईचा सगळा संसार असा, झाकून ठेवलं की निस्तरलं. मी म्हणाले, "अगं, त्या तिसरीच्या मुली आहेत, पोलीस परवडले. पहिल्या तासाला ओळखतील." मी हे किती मोठ्यानं ओरडले ते मला कळलं नाही, खालच्या बाई विहिरीवरून वर बघायला लागल्या तेव्हा कळलं.

डॉक्टर एकदा म्हणाले होते की काही बहिरी माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात, सवयीनं जमतं. मी सवय करायला बसले. आधी आईला समोर बसवलं. आईला एका जागी बसून, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलायची सवयच नव्हती. तिचं निम्मं बोलणं चुलीशी आणि निम्मं देवाशी. मुद्दाम समोर बसली की तान्ह्या बाळाशी बोलावं तसं तोंड वाकडंतिकडं करायची. आणि ओठ तरी किती लबाड! 'पान', 'बाण' आणि 'मान' ओठांवर सगळे एकच; 'क' आणि 'ग' तर घशात बसून राहतात, बाहेर येतच नाहीत. मागचापुढचा शब्द धरून अंदाज बांधायचा. पण अंदाज बांधायला भरपूर बोलणारं माणूस हवं. आमच्या घरात तसं बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते गॅलरीत गप्प बसलं होतं.

मी गॅलरीत गेले आणि बाबांसमोर बसले. "बोला," मी म्हणाले.

बाबांनी काहीतरी म्हटलं. काय, ते देव जाणे. बाबांची मिशी ही पार्ल्यात ओळख पटवायची खूण होती. घनदाट, पांढरी, खालच्या ओठापर्यंत आलेली. तिच्या मागे काही हालचाल होतेय एवढं दिसायचं.

माझा पारा चढला. वर्षभराचा राग त्या मिशीवर निघाला. "बाबा, या मिशीतून फक्त चहा गाळला जातो. शब्द येत नाहीत. मला जूनमध्ये शाळेत जायचंय आणि माझ्याशी बोलायला या घरात कुणाला तोंड नाही!"

बाबा उठून आत गेले. मी रडले, आईच्या वाट्याचं नव्हे, माझं स्वतःचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्टेशनकडे गेले. थोड्या वेळानं दारात एक अनोळखी माणूस उभा राहिला. नाकाखाली फिकट, गुळगुळीत कातडी, त्याखाली पातळसा वरचा ओठ. तो ओठ मी जन्मात पाहिला नव्हता. मिशी गेल्यावर बाबा शाळकरी मुलासारखे दिसत होते, गृहपाठ विसरलेल्या.

आई आतून आली, तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातली परात टाकून मटकन खाली बसली. मला परात ऐकू आली नाही, पण तिचं तोंड उघडलेलं दिसलं.

आमच्यात आईबाप गेले की पुरुष मिशी उतरवतो. एरवी मिशीला कुणी वस्तरा लावून घेत नाही. बाबांचे आईवडील कधीच गेले होते, पण त्यांना ज्यांनी वाढवलं ते थोरले काका गावी हयात होते. आईला वाटलं, काका गेले आणि तार यांनी परस्पर घेतली. ती रडायला लागली, आणि तिचं रडणं चारही बिऱ्हाडांत पोचलं. बाबांना येताना रस्त्यानं अर्ध्या पार्ल्यानं पाहिलं होतं ते वेगळंच.

अशा वेळी कोण गेलं असं तोंडावर विचारायची पद्धत नाही. लोक येतात, भिंतीला टेकून गप्प बसतात, कळेल तेव्हा कळेल. तशी मंडळी यायला लागली. आमची बाहेरची खोली भरली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून खालच्या बाई पदराखाली झाकून पिठलंभाताचं पातेलं घेऊन आल्या. पोथीमंडळातले दोघं पेन्शनर आले. सगळे खाली माना घालून बसलेले, आई आत मुसमुसतेय, मध्ये बिनमिशीचे बाबा, आणि मला काय चाललंय ते अर्धंही कळत नाही.

मग बाबा उभे राहिले. त्यांनी लोकांकडे नाही, माझ्याकडे तोंड केलं. खिडकीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता. ते बोलायला लागले आणि मी पहिल्यांदा कुणाचं तरी सलग बोलणं ओठांवरून वाचलं.

"कुणी गेलेलं नाही. माझ्या मुलीला टीबी झाला होता. ती त्यातून बरी झाली. औषधानं तिचे कान गेले. माझे ओठ तिला दिसावेत म्हणून मी मिशी काढली."

'टीबी' हा शब्द आमच्या घरात उच्चारला गेलेला मी पहिल्यांदा पाहिला. ऐकला नाही, पाहिला. दोन साधी अक्षरं. त्यांच्यासाठी आई वर्षभर शेजारणींशी खोटं बोलली होती.

एक पेन्शनर उठून गेला. दुसरा उठला आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. खालच्या बाईंची मात्र पंचाईत झाली, कारण पातेलं त्यांच्या मांडीवर होतं. शेवटी त्यांनी ते आमच्या जमिनीवर ठेवलं आणि निघून गेल्या. पातेलं त्यांनी पुढे कधीच परत मागितलं नाही. 'राहू दे तुमच्याकडेच' असा निरोप आला. आमच्या घरात त्यांचं भांडं विटाळलं या भीतीनं तसं म्हणाल्या हे उघड होतं. पातेलं चांगलं जाड बुडाचं होतं, आईनं पुष्कळ वर्षं वापरलं. त्या दिवशीचं पिठलंही आम्ही तिघांनी खाल्लं. झणझणीत होतं. आई रडत रडत हसायला लागली, बाबा हसले, आणि त्यांना हसताना ओठ कसे पसरतात ते मी पाहून घेतलं.

आईनं झाकलेलं सगळं असं एका सकाळी उघड्यावर आलं. काही घरांनी येणंजाणं तोडलं. माझ्यासाठी आलेलं एक स्थळ न बघताच परत गेलं. पण आमच्याच मजल्यावरच्या शेजारीण काकू, ज्या वर्षभर जिन्यात भेटल्या की भिंतीला चिकटून जायच्या, त्या दोन दिवसांनी येऊन माझ्या अगदी समोर बसल्या आणि मेथीच्या लाडवांची कृती सांगायला लागल्या. मला निम्मी कळली. लाडू करायला मी ढच आहे, त्यामुळे नुकसान झालं नाही.

त्यानंतर बाबा रोज खिडकीशी बसायचे, तोंड उजेडाकडे करून. पोथी ट्रंकेतून बाहेर आली. आधी ती, मग वर्तमानपत्र, मग तिसरीचं पुस्तक. ते वाचायचे, मी ओठ बघून तेच परत म्हणायचे. चुकलं की ते डोळे मिटून मान हलवायचे, माझ्या डोक्यात तिडीक जायची, मी उठून जायचे आणि परत यायचे. एकदा वाचता वाचता ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "मी तुझं फार मोठं नुकसान केलं." मी लगेच म्हणाले, "हे नीट वाचता आलं, पुढचं वाक्य घ्या." त्यांनी घेतलं. याहून जास्त आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही.

जूनमध्ये मी मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिले. राहिलेल्या कानांनी पाव, ओठांवरून निम्मं आणि उरलेलं अंदाजानं, एवढी माझी तयारी. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होतीच. मुलींच्या आया त्यांच्याकडे तक्रार करून गेल्या होत्या. मोठ्या बाईंनी डॉक्टरांचा कागद वाचला.

"हे फुप्फुसांचं झालं. कानांचं काय?"

"कान गेलेत, बाई. डोळे शाबूत आहेत."

त्या हसल्या नाहीत. "आठवडाभर तिसरीवर जा. मी मागे बसणार. जमलं तर जागा तुमची. नाही जमलं तर बदली बाईंना कायम करावं लागेल. मुलींचं नुकसान मी होऊ देणार नाही." त्यांचं म्हणणं रास्त होतं. मला त्यावरही राग आला नाही असं नाही.

पहिल्या दिवशी मी वर्गाला सांगून टाकलं. "मला ऐकू येत नाही. ज्या मुलीला बोलायचं असेल तिनं हात वर करायचा, उभं राहायचं आणि माझ्याकडे बघून बोलायचं. फळ्याकडे बघून नाही, वेणी चावत नाही."

पाचच मिनिटांत मागच्या बाकांवरून कुणीतरी तोंडानं काहीतरी आवाज काढला असावा. वर्गभर हसू पसरलं. मी म्हणाले, "काय आवाज काढलास ते मला कळलं नाही. पण कुणी काढला ते कळलंय. सगळ्या जणी तुझ्याचकडे बघतायत." ती लाजून लाल झाली आणि पुन्हा हसू पसरलं, त्यात मीही होते. पण सगळंच काही असं छान झालं नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीचं बरोबर उत्तर मी चूक म्हणाले आणि ती बिचारी रडली. तिसऱ्या दिवशी घंटा झालेली मला कळली नाही. मी फळ्यावर लिहीतच राहिले आणि वळून बघितलं तर मुली दप्तरं भरून बसलेल्या. मागच्या भिंतीशी मोठ्या बाई निर्विकार.

शनिवारी शेवटचा दिवस. गणिताचा तास होता, तेराचा पाढा. आमच्याकडे पाढे सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणायचे असतात. ऐकणाऱ्या बाईला तो सूर ऐकला की वाटतं, झालं, वर्गाला पाढा येतो. मला सूर नव्हता. मला चाळीस तोंडं होती. मी बाकांच्या मधून चालत तोंडं बघत निघाले. तेर दुणे सव्वीस, तेर त्रिक एकोणचाळीस. बाकीच्या तोंडांपेक्षा एक तोंड किंचित मागे राहत होतं. खिडकीजवळची बारकी मुलगी, तेल चोपडलेल्या दोन वेण्या. बाकीच्यांचे ओठ मिटले की तिचे मिटायचे. पाढा म्हणतच नव्हती ती. नुसतं तोंड चावल्यासारखं हलवत होती.

मी हात वर करून वर्ग थांबवला आणि तिच्यासमोर बाकाशेजारी खाली बसले, तिचं तोंड माझ्या तोंडासमोर येईल असं. "तेर चोक?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुसरीतही असंच करत होतीस?"

तिनं मान हलवली. हो.

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. वर्षभर टीबीला अशक्तपणा म्हणवून घेणारी मी, तिला काय रागावणार? मी म्हणाले, "हे बघ, आता माझ्याकडून सुटका नाही. माझे ओठ बघ. मी म्हणते, तू म्हण." वर्गाला मी पाटीवर दहा गणितं घातली आणि आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत तेराच्या पाढ्याला लागलो. एकोणचाळीसात तेरा मिळवले की किती, हे तिनं बोटांवर मोजून काढलं, आणि बावन्न हा आकडा तिला आपला आपण सापडला. त्या वेळी तिचा चेहरा जसा झाला, तो बघायलाच मी खाटेवरून उठून आले होते.

मुली उठायला लागल्या तेव्हा समजलं की घंटा झाली. वर्ग रिकामा झाला. मोठ्या बाई मागच्या बाकावरून उठल्या, चष्मा पुसला आणि दाराकडे चालत निघाल्या. चालता चालता त्या काहीतरी बोलल्या. मला त्यांची पाठ दिसत होती, अंबाडा दिसत होता, बोलताना हलणारी मान दिसत होती. हो म्हणाल्या की नाही, मला काही कळलं नाही. त्या दाराबाहेर गेल्या. मी हातात खडू धरून उभी. परत विचारायला जावं तर बहिरेपणाची खात्रीच पटायची. न विचारावं तर सोमवारी कुठे जाऊ?

मोठ्या बाई व्हरांड्यात चार पावलं जाऊन थांबलेल्या मला दारातून दिसल्या. मग त्या वळल्या. परत वर्गात आल्या, माझ्यासमोरून पलीकडे जाऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. उजेड चेहऱ्यावर येईना म्हणून आणखी थोड्या सरकल्या, आणि नेहमीच्याच वेगानं, नेहमीसारख्याच न हसता म्हणाल्या,

"चुकलंच माझं. मी म्हणत होते, सोमवारी अकराला. आणि चौथीचं गणितही तुम्हीच घ्या."